लांब चित्रफीत आणि घरचा संकलक

सांगलीचें नांव निघालें कीं महाराष्ट्रीय माणसाला प्रथम आठवतें तें नाटक. १८४३ सालीं विष्णुदास भावे यांनीं श्रीमंत चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयानें येथें ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणलें, आणि त्या खेळापासून मराठी रंगभूमीचा इतिहास मोजण्याचा प्रघात पडला. त्या काळच्या नाटकांना आजच्यासारखी लिहिलेली संहिता नसे. सूत्रधार पदें म्हणे आणि पात्रें प्रसंग पाहून आयत्या वेळीं सुचेल तें भाषण करीत. पुढें संगीत नाटकांचा काळ आला, तेव्हां आवडत्या पदाला पुन्हां पुन्हां ‘वन्स मोअर’ मिळे व प्रेक्षक घरीं परतत तों उजाडलेलें असे. पण नाटक कितीहि लांबलें तरी तें संपे, आणि संपल्यावर उरे ती केवळ आठवण. रात्रभराच्या खेळांतून एखादें पद, एखादा हावभाव, एखादें चुरचुरीत वाक्य एवढेंच मन जतन करी आणि बाकीचें सोडून देई. संकलनाची कला चित्रपटाबरोबर जन्मास आली असें आपण मानतों. परंतु मनुष्याची स्मृति हीच आद्य संकलक होय.

यंत्राला ही विद्या येत नाहीं. तें जें पाहतें तें सारें सांठवितें. मुख्य काय आणि गौण काय हें त्याला ठाऊक नसतें. त्यामुळें चालतीं चित्रें टिपणारें यंत्र मनुष्याच्या हातीं आलें तेव्हांच एक नवा प्रश्न उत्पन्न झाला: या लांबच लांब फितीचें पुढें करावयाचें काय? चित्रपटाच्या धंद्यांत तो प्रश्न संकलकानें सोडविला. घरांत मात्र तो अजून सुटावयाचा आहे. सांगली, मिरज, कऱ्हाड, सातारा इकडच्या मध्यमवर्गीय घरांतून माळ्यावर किंवा कपाटाच्या वरच्या खणांत लग्नामुंजींच्या, बारशांच्या आणि साठीशांतींच्या चित्रफिती पडून असतात. त्या संगणकावर घेऊन त्यांतून कांहीं नीटस करावें असें घरांतील एखाद्या मुलाच्या वा मुलीच्या मनांत येतें, आणि पहिल्याच पायरीवर घोडें अडतें. तीन तासांची फीत संगणक सुखासुखीं आंतच घेत नाहीं. वरवर पाहतां ही केवळ यंत्राची खोड वाटते. तिचा इतिहास पाहिला म्हणजे ती किती जुनी आहे, आणि तिच्यांत कुटुंबाच्या स्मृतीचा केवढा प्रश्न गुंतला आहे, हें ध्यानांत येतें.

आरंभीं फिती इतक्या आंखूड होत्या कीं त्या कापण्याचें कारणच नव्हतें. ७ जुलै १८९६ रोजीं मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत ल्यूमिएर बंधूंचीं चित्रें दाखविलीं गेलीं, तीं एकेक मिनिटाच्याहि आंतलीं होतीं. १८९९ सालीं सावेदादा, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, यांनीं मुंबईच्या हँगिंग गार्डनवर कुस्तीचा सामना टिपला, आणि ती फीत धुण्यासाठीं विलायतेस पाठविली. यंत्राच्या पेटींत जेवढी फीत मावे तेवढेंच चित्र. तेथें निवड करावयाची ती फीत सुरू करण्यापूर्वीं.

खरा प्रश्न उभा राहिला तो दादासाहेब फाळक्यांपुढें. १९१२ च्या आरंभीं ते लंडनला गेले आणि कॅमेरा व फितीला भोंकें पाडण्याचें यंत्र यांची व्यवस्था करून परतले. परतल्यावर त्यांनीं पैसेवाल्याची खात्री पटविण्यासाठीं जो छोटा प्रयोग केला तो आमच्या विषयाच्या दृष्टीनें फार बोधप्रद आहे. कुंडींत पेरलेल्या वाटाण्याचा अंकुर कसा वाढतो हें त्यांनीं कित्येक दिवस कॅमेरा एका जागीं ठेवून थोडथोडें टिपलें, आणि दिवसांमागून दिवस चाललेली ती वाढ पडद्यावर क्षणांत घडतांना दाखविली. दीर्घ काळ आंखूड कसा करावा याचा महाराष्ट्रांतील हा पहिलाच पाठ म्हणावा लागेल, आणि तो एका घरांत घडला.

‘राजा हरिश्चंद्र’ हाहि पुष्कळ अंशीं घरींच तयार झाला. कोरी फीत भोंकें न पाडलेली येई. तिला अंधाऱ्या खोलींत भोंकें पाडण्याचें, फीत धुण्याचें व जोडकामाला मदत करण्याचें काम सरस्वतीबाई फाळके करीत, आणि दिवसां मंडळींचा स्वयंपाकहि त्यांनाच पाहावा लागे. ३ मे १९१३ रोजीं कॉरोनेशन चित्रगृहांत तो चित्रपट लोकांपुढें आला; त्याची लांबी ३,७०० फूट होती. पस्तीस मिलिमीटरच्या फितीवर दर फुटाला सोळा चित्रें बसतात, म्हणजे जवळजवळ एकोणसाठ हजार चित्रें या दांपत्याच्या हाताखालून गेलीं. फीत उजेडासमोर धरावयाची, कोठें तोडावयाची तें डोळ्यानें ठरवावयाचें, कात्रीनें कापावयाची, कडा खरवडून डिंकासारख्या द्रवानें चिकटवावयाची: संकलन म्हणजे हें एवढेंच. हिंदुस्थानांतील पहिला घरचा संकलक कोण, असें कोणी विचारील तर आमच्या मतें त्या मानांत सरस्वतीबाईंचाहि वांटा आहे.

पुढें हें काम घराबाहेर पडलें. कोल्हापुरांत बाबूराव पेंटरांनीं स्वतः बनविलेल्या कॅमेऱ्यानें चित्रें काढलीं व १९२० सालीं ‘सैरंध्री’ लोकांपुढें आणला. १९२९ त तेथेंच ‘प्रभात’ जन्मास आली. सांगलीहि मागें राहिली नाहीं. दीनानाथ मंगेशकरांनीं येथें ‘बळवंत पिक्चर्स’ उभी केली आणि १९३४ सालीं ‘कृष्णार्जुन युद्ध’ हा बोलपट काढला. या सर्वांना एक मर्यादा सारखीच होती. फितीचें रीळ हजार फुटांचें. बोलपट सेकंदाला चोवीस चित्रांच्या गतीनें चालतो. त्या हिशेबानें एक रीळ अकरा मिनिटांत संपतें. रीळ संपलें कीं कॅमेरा थांबलाच पाहिजे. १९४८ सालीं आल्फ्रेड हिचकॉकनें ‘रोप’ हा चित्रपट शक्य तितक्या कमी तुकड्यांत काढावयाचें मनांत आणलें, पण त्यालाहि सुमारें दहा मिनिटांपलीकडे एक तुकडा नेतां आला नाहीं. ही मर्यादा दिग्दर्शकांना जाचक वाटे खरी. पण तिनेंच त्यांना पुढचा प्रसंग कोठें सुरू करावा आणि मागचा कोठें सोडावा याचा विचार करावयास लावलें.

हौशी मनुष्याच्या हातीं कॅमेरा आला तेव्हां ही शिस्त आणखी कडक होती. १९२३ त सोळा मिलिमीटरची, १९३२ त आठ मिलिमीटरची आणि १९६५ त ‘सुपर एट’ नांवाची घरगुती फीत निघाली. सुपर एटच्या एका डबींत पन्नास फूट फीत असे, आणि ती सेकंदाला अठरा चित्रांच्या वेगानें तीन मिनिटें वीस सेकंदांत संपे. ती धुवून आणण्याचा खर्च वेगळाच. अशा फितीवर लग्न टिपावयाचें तर हातांत तीन मिनिटें असत. मग अंतरपाट दूर झाला तो क्षण घ्यावा कीं निरोपाच्या वेळीं डोळ्यांना पदर लावणारी आई घ्यावी, हें टिपणाऱ्यानें आधींच मनाशीं ठरविलेलें असे. म्हणून त्या काळच्या आंखूड घरगुती फिती आज पाहिल्या तर त्यांत वायफळ असें थोडेंच सांपडतें. पैशाची टंचाई ही तेथें संकलक होती.

ही टंचाई चुंबकीय फितीनें संपविली. १९७६ सालीं जपानच्या जे. व्ही. सी. कंपनीनें व्ही. एच. एस. ही पद्धति काढली. आपल्या देशांत १९८२ च्या आशियाई खेळांच्या सुमारास दूरदर्शन रंगीत झालें, आणि त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांत लग्नाच्या मांडवांत खांद्यावर कॅमेरा घेतलेला ‘व्हिडिओवाला’ व त्याच्या मागोमाग प्रखर दिवा धरून फिरणारा त्याचा मदतनीस हीं दोन माणसें भटजींइतकींच आवश्यक होऊन बसलीं. एका कॅसेटमध्यें तीन तासांची फीत मावे. ती धुवावी लागत नसे आणि नकोशी झाल्यास पुसून पुन्हां वापरतां येई. अर्थात् निवड करण्याचें कारण उरलें नाहीं. सीमांतपूजनापासून पंगतीपर्यंत व पंगतीपासून वरातीपर्यंत सारें सरसकट टिपलें जाऊं लागलें.

पण टिपणें सोपें झालें तितकें कापणें सोपें झालें नाहीं. चुंबकीय फीत कात्रीनें कापून चालत नाहीं. ती एका यंत्रावर लावावयाची, दुसऱ्या यंत्रांत कोरी फीत घालावयाची, आणि हवा असलेला भाग चालूं असतांना नक्कल करून घ्यावयाची, ही रीत होती. प्रत्येक नकलेंत चित्र थोडें फिकें होई व रंग पसरे. ज्यांना हें जमे ते व्यावसायिक लोक, आणि त्यांच्या हातून जें संकलन झालें त्याची एक खूण अजून पाहावयास मिळते. वधूवरांच्या चेहऱ्यांभोवतीं फुलांचीं वा हृदयाचीं नक्षी उमटते, एक चित्र पानासारखें उलटून दुसरें येतें, आणि सर्वांवर त्या वर्षींचीं गाजलेलीं चित्रपटगीतें घातलेलीं असतात. हौसेला नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. पण त्या गीतांखालीं काय गाडलें गेलें याचा विचार करावा. मंगलाष्टकें कोणत्या आत्याबाईंनीं म्हटलीं, नांव घेतांना नवरी कोठें अडखळली, ‘अहो, इकडे बघा’ म्हणून कोणीं हांक मारली, हा सारा मूळ आवाज पुसून त्याच्या जागीं गीत भरलें गेलें. मूळ फीत जपून ठेवावी असें फारसें कोणाला वाटलें नाहीं; ती पुढच्या लग्नाला वापरली गेली. चेहरे राहिले आणि कंठ गेले.

येथवरचा इतिहास घराबाहेरच्या संकलकाचा. घरांतल्याच मनुष्याला तें काम पुन्हां करतां यावें ही सोय संगणकानें केली. १९९५ सालीं चित्र अंकांच्या रूपानें सांठविणारी छोटी ‘डी. व्ही.’ फीत निघाली. १९९९ त ॲपलनें ‘आयमूव्ही’ आणि २००० सालीं मायक्रोसॉफ्टनें ‘मूव्ही मेकर’ हें संकलनाचें सॉफ्टवेअर घरगुती संगणकाबरोबरच देण्यास सुरुवात केली. कॅमेरा तारेनें संगणकाला जोडावा, फीत चालवावी, चित्र आंत यावें, मग पडद्यावर नुसत्या बोटाच्या इशाऱ्यानें तुकडे करावे, पुढचे मागें न्यावे, आणि हें सर्व करतांना मूळ चित्राला यत्किंचितहि इजा होऊं नये. फाळके दांपत्याला अंधाऱ्या खोलींत जें करावें लागलें तें दिवाणखान्यांत बसून करतां येऊं लागलें.

आणि येथेंच ती जुनी मर्यादा नव्या वेषांत पुन्हां दाराशीं उभी राहिली. डी. व्ही. पद्धतींत आपल्याकडील प्रमाणानुसार एक चित्र १,४४,००० बाईट जागा व्यापतें, आणि सेकंदाला अशीं पंचवीस चित्रें येतात. म्हणजे सेकंदास छत्तीस लक्ष बाईट, आणि तासाला जवळजवळ तेरा गीगाबाईट. त्या काळच्या संगणकांत फाईलींची नोंद ठेवण्याची ‘फॅट ३२’ नांवाची पद्धति प्रचारांत होती. तींत कोणत्याहि फाईलीची लांबी बत्तीस द्विमान अंकांत लिहावी लागे, आणि तेवढ्या जागेंत ४,२९,४९,६७,२९५ याहून मोठा आंकडा मावत नाहीं. हिशेब केला तर एवढ्या जागेंत डी. व्ही. चित्र एकोणीस मिनिटें व कांहीं सेकंद बसतें. त्याहून जुन्या कार्यक्रमांची मर्यादा याच्या निम्मी होती. तेथें चित्र दहा मिनिटांना चार सेकंद कमी असतांना थांबे. हजार फुटी रिळाचीं अकरा मिनिटें आणि या जुन्या फाईलीचीं दहा मिनिटें यांतील साम्य कोणीं ठरवून आणलेलें नाहीं. एक मर्यादा फितीच्या जाडीनें आणि पेटीच्या आकारानें घातली, दुसरी आंकडे लिहिण्याच्या रीतीनें. पण दोहोंनीं घरच्या व दारच्या संकलकाला एकच गोष्ट सांगितली, कीं लांब चित्र तुकड्यांनींच आंत येईल.

ज्याला हें कारण ठाऊक नसे त्याची मोठी फजिती होई. अर्धा तास फीत चालवून पाहावें तों वीस मिनिटांवर चित्र खुंटलेलें. मग कॅसेट खराब झाली असें समजून ती बाजूला टाकण्याचा मोह होई. वस्तुतः कॅसेट ठणठणीत असे. पुढें हार्ड डिस्कवर ‘एन. टी. एफ. एस.’ ही मोठ्या फाईलींना सोसणारी पद्धति रूढ झाली आणि ही अडचण बव्हंशीं दूर झाली. तरी पेन ड्राइव्हवर किंवा जुन्या कार्डावर चार गीगाबाईटचा अडसर आजहि भेटतो, आणि जुन्या पद्धतीच्या कार्डावर टिपणारा कॅमेरा तासाभराचें चित्र आपण होऊन तुकड्यांत विभागतो. हे तुकडे सुटे सुटे उचलून नेले तर जोडाच्या ठिकाणीं आवाज क्षणभर तुटण्याचा संभव असतो; कार्डावरील फोल्डर जसेंच्या तसें आंत घेतलें म्हणजे सॉफ्टवेअर ते तुकडे सलग जोडून घेतें. डी. व्ही. डी. चीहि हीच कथा. तिच्यावरील चित्र एकेक गीगाबाईटच्या फाईलींत वांटलेलें असतें, आणि एकच फाईल उचलणाऱ्याच्या हातीं अर्धवट लग्न लागतें.

तुकडे कोठें पाडावे याबद्दलहि यंत्र कांहीं मदत करतें. डी. व्ही. फितीवर प्रत्येक चित्राबरोबर टिपल्याची तारीख व वेळ नोंदलेली असते. कॅमेरा बंद करून पुन्हां चालूं केला कीं या घड्याळांत खंड पडतो, आणि तो पाहून सॉफ्टवेअर तेथें नवा तुकडा सुरू करतें. जुन्या व्ही. एच. एस. फितीवर हें घड्याळ नसतें. तेथें यंत्र केवळ चित्र एकाएकी बदललें कीं नाहीं एवढेंच पाहतें, आणि मांडवांत छायाचित्रकाराचा दिवा लखकन् चमकला तर प्रसंग बदलला असें समजून वरमाला वधूच्या हातांतच असतांना तुकडा पाडतें. तेव्हां यंत्राचा सल्ला ऐकावा, पण निर्णय आपल्याकडे ठेवावा.

लांबीचा दुसरा शत्रु म्हणजे आवाजाची फारकत. जुनी फीत संगणकांत घेतांना चित्र एका उपकरणांतून व आवाज दुसऱ्यांतून येत असेल, तर दोघांचीं घड्याळें तंतोतंत जुळत नाहींत. फरक दहा हजारांत एक एवढाच धरला, तरी तीन तासांच्या शेवटीं आवाज ओठांपासून एका सेकंदानें दूर गेलेला असतो. पहिल्या पांच मिनिटांत हें कोणाच्या लक्षांतहि येत नाहीं. मोबाईलनें टिपलेल्या चित्रांत हा दोष निराळ्या कारणानें येतो. मोबाईल उजेडानुसार व आपल्या शक्तीनुसार सेकंदाचीं चित्रें कमीजास्त करतो, आणि संकलनाचें सॉफ्टवेअर तीं समान गतीचीं समजून बसतें. अशा चित्राला आधीं एकसारखी गति देऊन घेणें, आणि जुनी फीत पंधरा-वीस मिनिटांच्या भागांनीं आंत घेणें, हे यावरील साधे उपाय आहेत. प्रत्येक भागाच्या आरंभीं चूक पुन्हां शून्यावर येते.

अलीकडच्या चित्रांची आणखी एक गोम आहे. जागा वांचविण्यासाठीं त्यांत प्रत्येक चित्र पूर्ण लिहिलेलें नसतें. ही रीत पेढीवरच्या रोजकीर्दीसारखी आहे. अधूनमधून एकदां पूर्ण शिल्लक लिहावयाची आणि पुढें फक्त काय आलें व काय गेलें याची नोंद करावयाची. अशा वहींत मधल्या एखाद्या दिवसाची शिल्लक हवी असेल तर मागच्या शिलकेपासून बेरीज-वजाबाकी करीत यावें लागतें. संगणकहि तेंच करतो. म्हणून तासाभराच्या चित्रांत मधोमध बोट ठेवलें कीं तो घुटमळतो. यावरचा उपाय चित्रपटाच्या धंद्यांत फार जुना आहे. तेथें मूळ निगेटिव्ह सुरक्षित ठेवून संकलक तिच्या कामचलाऊ प्रतीवर कात्री चालवीत असे, आणि शेवटीं त्या बरहुकूम निगेटिव्ह जोडली जाई. घरच्या संगणकावरहि हलकी प्रत करून तिच्यावर काम करावें आणि अखेरचें चित्र मुळावरून काढावें. बहुतेक सॉफ्टवेअरें हें आपोआप करून देतात.

इतकें वाचून एखादा वाचक म्हणेल, कीं हा सारा खटाटोप हवाच कशाला? तीन तासांचें लग्न कोण पाहणार? पांच मिनिटांचा सुबक गोषवारा करावा आणि मूळ फीत टाकून द्यावी. हा आक्षेप वरवरचा नाहीं. पाहण्यासाठीं गोषवाराच हवा, हें आम्हीहि मानतों. ज्यानें कापलेंच नाहीं त्यानें पाहुण्यांना छळण्याचीच तयारी केली म्हणावयाची. परंतु गोषवारा करणारा मनुष्य आजच्या दृष्टीनें निवड करतो, आणि कालांतरानें काय मोलाचें ठरेल हें त्याला आज कळत नाहीं. फाळक्यांनीं १९१७ च्या सुमारास ‘चित्रपट कसे तयार करतात’ या विषयावर एक लहान फीत काढली. पौराणिक चित्रपटांच्या तुलनेनें ती त्या वेळीं किरकोळ वाटली असेल. आज फाळके स्वतः काम करतांना दिसतात म्हणून अभ्यासक तीच हुडकून पाहतात. घरच्या फितीचेंहि तसेंच आहे. लग्नांतील वधूवरांचे विधि सर्वत्र सारखेच. पण मागें ओसरीवर कोण बसलें होतें, पंगत कशी वाढली जाई, वाड्याची चौकट कशी होती, दारांत उभी असलेली सायकल कोणती, आणि आजोबा कसे हंसत, हें त्या वेळीं ‘फालतू’ म्हणून गेलेल्या मिनिटांतच सांपडतें. वाडे पडले, आजोबा गेले. फालतू मिनिटें तेवढीं उरलीं.

आणि तींहि फार दिवस उरतील असा भरंवसा नाहीं. आपल्या देशांतील बहुतेक मूकपट नाश पावले आहेत. ‘राजा हरिश्चंद्र’ देखील आज पूर्ण स्वरूपांत उपलब्ध नाहीं. जानेवारी २००३ मध्यें पुण्यास लागलेल्या आगींत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या जुन्या ज्वालाग्राही फितींचा मोठा सांठा जळाला. संग्रहालयाच्या सांठ्याची ही गत, तर कपाटाची काय कथा! चुंबकीय फितीला बुरशी लागते, तिचा लेप सुटतो, आणि ती चालविण्याचीं यंत्रेंहि आतां नव्यानें मिळत नाहींत, व्ही. एच. एस. यंत्रें बनविणाऱ्या शेवटच्या जपानी कारखान्यानें जुलै २०१६ मध्यें तें काम बंद केलें. सांगलीच्या लोकांना तर आणखी एका शत्रूची चांगली ओळख आहे. ऑगस्ट २०१९ मध्यें आयर्विन पुलाजवळ कृष्णेचें पाणी सत्तावन्न फुटांच्याहि वर गेलें. तेथें धोक्याची पातळी पंचेचाळीस फूट आहे. त्याआधीं २००५ सालीं आणि नंतर २०२१ सालीं महापूर आला. पूर ओसरल्यावर धान्य पुन्हां भरतां येतें, भिंतींना रंग देतां येतो, कपाटहि नवें करतां येतें. चिखलानें भरलेली कॅसेट पुन्हां टिपतां येत नाहीं, कारण तींतील माणसें पुन्हां मांडवांत उभीं राहणार नसतात.

या सर्व इतिहासावरून घरच्या संकलकानें घ्यावयाचा बोध थोडक्यांत सांगतां येईल. आंत घेणें आणि कापणें हीं दोन कामें निरनिराळीं आहेत. त्यांची गल्लत करूं नये. प्रथम फीत पूर्ण, मूळ आवाजासह, भागाभागानें आंत घ्यावी. प्रत्येक भागाच्या नांवांत वर्ष, प्रसंग व अनुक्रम लिहावा. तिच्या दोन प्रती कराव्या, आणि एक प्रत नदीपासून दूर असलेल्या दुसऱ्या गांवीं, पुण्यास असणाऱ्या मुलीकडे किंवा साताऱ्यास असणाऱ्या भावाकडे, ठेवावी. मग खुशाल कात्री चालवावी, गीतें घालावीं, फुलें उधळावीं. मूळ शाबूत आहे तोंवर कोणतीहि चूक सुधारतां येते.

शेवटीं या कामांतील एका उशिराबद्दल सांगितलें पाहिजे. चुंबकीय फीत संगणकांत घेतांना घाई करतां येत नाहीं. तीन तासांच्या फितीला तीन तासच लागतात, आणि तोंवर चित्र पडद्यावर चालूं असतें. पुष्कळांना हा वेळ फुकट गेला असें वाटतें. आमच्या मतें सगळ्या खटाटोपांतील तोच वेळ सर्वांत मोलाचा आहे. त्या वेळीं घरांतील वडील माणसांना शेजारीं बसवावें आणि हातांत वही-पेन्सिल घ्यावी. तांबडें पागोटें घातलेले ते गृहस्थ कोण, खांबाआड उभी राहिलेली ती मुलगी कोणाची, मंगलाष्टकांतील हा दुसरा आवाज कोणाचा, हें त्यांनाच सांगतां येईल. आणि तें सांगणारीं माणसें फितीपेक्षां अधिक टिकाऊ नाहींत. विष्णुदासांच्या नाटकांत पात्रें रंगभूमीवर आलीं कीं तीं कोण, कोठून आलीं हें सूत्रधार सांगे. घरच्या लांब फितीला हाच सूत्रधार हवा आहे, आणि आज तरी तो पुष्कळ घरांतून माजघरांत बसलेला आहे. त्याला हांक मारावी.